‘अ’ की ‘द’ हे नंतर, आधी नाम एक आहे की अनेक ते बघा

तुमचं म्हणणं असं की इंग्रजीतल्या आर्टिकलचे, म्हणजे नामाआधी येणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ चे नियम सगळे पाठ आहेत, पहिल्यांदा उल्लेख आला की ‘अ’, दुसऱ्यांदा आला की ‘द’, तरी लिहिलेलं तपासून परत येतं तेव्हा आर्टिकलवर लाल खुणा असतातच. त्यातही अनेकवचनी शब्दापुढे ‘द’ लावायचा की नाही हे काही केल्या कळत नाही. तुम्हाला म्हणायचं होतं ‘विद्यार्थ्यांनी मेहनत करावी’, तुम्ही लिहिलंत ‘द स्टुडन्ट्स शुड वर्क हार्ड’, तपासणाऱ्याने ‘द’ खोडला आणि कारण काही सांगितलं नाही. शिवाय ‘गो टू स्कूल’ आणि ‘गो टू द स्कूल’ यात फरक काय, हेही विचारलंय. सगळ्याचं उत्तर देतो, जरा मोठं होईल पण एकदा नीट समजून घ्या.

मी गेली १८ वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी तपासतोय, रिपोर्ट, प्रबंध, मॅन्युअल, ईमेल, सगळं. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांचं लिखाण तर रोजच हातात असतं. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो, की ‘अ’ घ्यायचा का ‘द’ घ्यायचा यात लोक चुकतात त्यापेक्षा कितीतरी जास्त चुका त्याच्या आधीच झालेल्या असतात. आपलं नाम मोजता येणारं आहे का, आणि मोजता येत असेल तर इथे एक आहे की अनेक, हे ठरवलेलंच नसतं. ते न ठरवता आर्टिकल निवडायला बसलं की मग अंदाजच चालतो, कधी बरोबर येतो कधी नाही.

आता हे न ठरवायची सवय आपल्याला का लागते ते बघा. मराठीत आर्टिकल नाही असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठी करतेच की. ‘खोलीत मांजर आहे’ आणि ‘मांजर खोलीत आहे’ ही दोन वाक्यं जरा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कुठलंतरी मांजर, आत्ताच कळलं. दुसऱ्यात आपण शोधत होतो ते मांजर. इंग्रजीत पहिलं होणार ‘देअर इज अ कॅट इन द रूम’ आणि दुसरं ‘द कॅट इज इन द रूम’. आपण शब्दांची जागा बदलली, त्यांनी आर्टिकल बदललं. किंवा ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’. पहिल्यात कोणीही चालेल, दुसऱ्यात आपले ठरलेले डॉक्टर. म्हणजे ठरावीक आणि कुठलंही यातला फरक मराठी माणसाला कळत नाही असं अजिबात नाही, तो आपल्या कानात बसलेला आहे आणि त्यावर विश्वास ठेवा.

घोळ होतो तो आकड्यात. मराठीत कितीतरी नामं एकवचनात आणि अनेकवचनात तशीच राहतात. दगड पडला, दगड पडले. उंदीर आला, उंदीर आले. आकडा क्रियापद सांगतं, नाम गप्प बसतं. आणि बाहेरून आलेल्या शब्दांना तर आपण बहुतेक वेळा हातच लावत नाही, दोन पेन, चार फाइल, तीन मेल. मग हाच माणूस इंग्रजी लिहायला बसला की ‘थ्री फाइल’ लिहितो, आणि ‘आय सेंट फाइल’ पण लिहितो, कारण त्याच्या डोक्यात ‘फाइल’ हा एकच शब्द आहे ज्यात एक की अनेक हे लिहिलेलंच नाही. इंग्रजीला हे चालत नाही, तिला प्रत्येक नामापाशी उत्तर पाहिजे.

म्हणून पहिला नियम, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाचा नियम हाच: मोजता येणारं नाम एकवचनी असेल तर ते उघडं राहू शकत नाही. त्याच्या अंगावर काहीतरी पाहिजेच. ‘अ’ असेल, ‘द’ असेल, नाहीतर ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’, ‘वन’, काहीही, पण काहीतरी पाहिजे. ‘आय सेंट फाइल’ चूक. ‘आय सेंट अ फाइल’, ‘आय सेंट द फाइल’, ‘आय सेंट युअर फाइल’ तिन्ही बरोबर, अर्थ वेगवेगळे. अनेकवचनाला ही सक्ती नाही, ‘आय सेंट फाइल्स’ उघडं चालतं, ‘द फाइल्स’ पण चालतं, फक्त ‘अ’ कधीच नाही. न मोजता येणारं नाम याबाबतीत अनेकवचनासारखं वागतं, उघडं चालतं, ‘द’ चालतो, ‘अ’ चालत नाही.

शाळेत आपल्याला आर्टिकल तीन शिकवली, अ, ॲन, द. चौथा पर्याय म्हणजे काहीच नाही, आणि तो शिकवलाच नाही किंवा शेवटी अपवाद म्हणून उरकला. प्रत्यक्षात हा पर्याय पानोपानी लागतो, आणि तो अपवाद म्हणून शिकल्यामुळे आपल्याला रिकामी जागा दिसली की काहीतरी भरावंसं वाटतं. तुमच्या ‘द स्टुडन्ट्स’ मधला ‘द’ तिथूनच आला.

‘अ’ अनेकवचनाला का चालत नाही याचं कारण एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा जो शब्द होता त्यातूनच ‘वन’ पण आला आणि ‘ॲन’ पण आला. म्हणजे मूळ रूप ‘ॲन’ आहे, व्यंजनापुढे त्यातला न गळून ‘अ’ झाला. म्हणून ‘अ बुक्स’ म्हणजे ‘एक पुस्तकं’, कानाला खटकतंय ना, इंग्रजी माणसालाही तसंच खटकतं. तो न इकडून तिकडे सरकल्याने काही शब्दच बदलून गेलेत. एप्रनचा मूळ शब्द ‘नेप्रन’ सारखा होता, ‘अ नेप्रन’ ऐकता ऐकता ‘ॲन एप्रन’ झालं. अंपायर पण तसाच, मूळ शब्दाच्या सुरुवातीला न होता तो आर्टिकलने पळवला. उलट ‘निकनेम’ मधला न हा आर्टिकलकडून नामाला मिळालेला आहे. आर्टिकल आणि नाम इतकं चिकटून बोललं जातं की बोलणाऱ्यांनाच कळेना कुठला न कुणाचा.

अ आणि ॲन यावर जास्त वेळ घालवत नाही, स्पेलिंग बघू नका, उच्चार ऐका. ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘ॲन एमबीए’, ‘ॲन एक्सरे’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युरोपियन’, ‘अ वन-वे स्ट्रीट’. आणि नामापुढे विशेषण आलं की त्याचा पहिला आवाज बघायचा, ‘ॲन अम्ब्रेला’ पण ‘अ ब्लॅक अम्ब्रेला’. झालं.

पण मग ‘अ फ्यू फ्रेंड्स’, ‘अ हंड्रेड पीपल’, ‘अ डझन बुक्स’, ‘अ फर्दर थ्री वीक्स’ हे कसं काय चालतं, असं तुम्ही विचाराल. तिथे ‘अ’ त्या अनेकवचनाचा नाहीच. तो शंभर, डझन, तीन आठवडे या गठ्ठ्याचा आहे, गठ्ठा एक आहे म्हणून ‘अ’. यातला ‘अ फ्यू’ मात्र जपून वापरा. ‘ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला थोडे का होईना मित्र आहेत. ‘ही हॅज फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे त्याला मित्र जवळजवळ नाहीतच. एका अक्षराने सूर उलटा होतो. न मोजता येणाऱ्या नामाला हेच ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ करतात, ‘वी हॅव्ह अ लिटल टाइम’ मध्ये थोडा वेळ आहे, बसू शकतो, आणि ‘वी हॅव्ह लिटल टाइम’ मध्ये उठा.

उघड्या एकवचनाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचं आहे. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा रेडिओवर जे ऐकू आलं ते होतं ‘वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड’. आता ‘मॅन’ हे अशा मोजक्या नामांपैकी आहे जे एकवचनी असून उघडं राहू शकतं, पण मग त्याचा अर्थ ‘एक माणूस’ राहत नाही, अख्खी मानवजात होतो. म्हणजे ऐकू आलेल्या वाक्याचा सरळ अर्थ होतो, मानवजातीसाठी लहान पाऊल आणि मानवजातीसाठी मोठी झेप. आर्मस्ट्राँगचं म्हणणं होतं की त्याला ‘फॉर अ मॅन’ म्हणायचं होतं, एका माणसाचं लहान पाऊल, मग वाक्याला अर्थ येतो. तो ‘अ’ म्हटला गेला पण ऐकू आला नाही की निसटून गेला यावर लोकांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलंय. एक अक्षर, पण एक माणूस आणि सगळी माणसं यातला फरक त्या अक्षरावर होता.

आता ‘द’ कडे येऊ. ‘दुसऱ्यांदा उल्लेख आला की द’ हा नियम खोटा नाही पण फार तोकडा आहे. खरा प्रश्न असा की, कुठलं किंवा कुठली म्हणतोय ते ऐकणाऱ्याला कळतंय का? पहिल्यांदाच उल्लेख असला तरी कळत असेल तर ‘द’. एक खोली डोळ्यापुढे आणा. ‘आय एंटर्ड अ रूम. द सीलिंग वॉज लो. द विंडोज वेअर ओपन. अ विंडो वॉज ब्रोकन.’ छताचा आधी कुठेच उल्लेख नाही तरी ‘द सीलिंग’, कारण खोलीला छत एकच असतं, खोली म्हटली की कुठलं छत हा प्रश्न संपला. ‘द विंडोज’ पण पहिल्यांदाच आलं, आणि त्याचा अर्थ त्या खोलीच्या सगळ्या खिडक्या. पण फुटलेली खिडकी एक आहे आणि खोलीत खिडक्या अनेक, त्यातली कुठली हे ऐकणाऱ्याला माहीत नाही, म्हणून ‘अ विंडो’. तिथे ‘द विंडो वॉज ब्रोकन’ लिहिलंत तर वाचणारा समजणार की खोलीला खिडकी एकच होती. बघा, चार छोटी वाक्यं, उल्लेख सगळे पहिलेच, आणि आर्टिकल ठरलं ते त्या वस्तू किती आहेत आणि मी त्यातल्या किती म्हणतोय यावरून.

यातलं ‘द विंडोज म्हणजे सगळ्या खिडक्या’ हे नीट धरून ठेवा, अनेकवचनाचं सगळं गणित तिथे आहे. ‘द’ एकवचनापुढे आला की म्हणतो ‘तेच एक’, आणि अनेकवचनापुढे आला की म्हणतो ‘तो आख्खा संच’. अनेकवचन उघडं असेल तर ‘काही’ किंवा ‘या जातीच्या गोष्टी’. एकदा माझ्याकडे एका सॉफ्टवेअरचा टेस्टिंग रिपोर्ट तपासायला आला होता, त्यात पहिल्याच ओळीत होतं ‘द टेस्ट्स फेल्ड’. मी लिहिणाऱ्याला विचारलं, सगळ्या फेल झाल्या का? तो म्हणाला छे, दोन-तीनच झाल्या, खाली टेबलमध्ये दिलंय की. पण वाचणारा टेबलपर्यंत जाईपर्यंत घाबरलेला असणार ना, कारण ‘द टेस्ट्स फेल्ड’ म्हणजे ज्या टेस्ट घ्यायच्या ठरल्या होत्या त्या सगळ्या फेल. आम्ही ते ‘थ्री टेस्ट्स फेल्ड’ केलं. अशी चूक व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही सहसा सापडत नाही, कारण वाक्य व्याकरणात बरोबरच आहे, फक्त जे झालं ते ते सांगत नाही.

याच एका ‘द’ वरून देशादेशांत वाद आहे. २२ नोव्हेंबर १९६७ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. त्यात त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी असं आहे, आणि इंग्रजी मसुद्यात शब्द आहेत ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड’. ‘द टेरिटरीज’ नाही, नुसतं ‘टेरिटरीज’. इस्रायलची बाजू म्हणते की ‘द’ नाही म्हणजे सगळ्या प्रदेशांतून असं म्हटलेलंच नाही. अरब बाजू म्हणते की सगळेच प्रदेश अभिप्रेत आहेत, आणि फ्रेंच मसुद्याकडे बोट दाखवते, कारण फ्रेंचमध्ये तिथे जे ‘दे’ आहे त्याचा अर्थ ‘त्या प्रदेशांतून’ असा घेता येतो. कोण बरोबर यात मी शिरत नाही, पण अनेकवचनापुढची रिकामी जागा किती वजन उचलते हे यापेक्षा चांगलं मला दाखवता येणार नाही.

आता तुमचं वाक्य. ‘द स्टुडन्ट्स शुड वर्क हार्ड’ चूक नाही हो, ते वेगळं वाक्य आहे. ‘त्या विद्यार्थ्यांनी मेहनत करावी’, म्हणजे आधी कुठल्यातरी वर्गाबद्दल बोलणं चालू आहे आणि त्यातले सगळे. तुम्हाला जगातले विद्यार्थी म्हणायचे होते, कुठलाही ठरावीक संच नाही, म्हणून ‘स्टुडन्ट्स शुड वर्क हार्ड’. मराठीत तुम्ही ‘त्या’ लावलं नव्हतंत, मग इंग्रजीत ‘द’ का लावायचा? अनेकवचनाला ही युक्ती बरीच चालते, मराठी वाक्यात ‘ते’, ‘त्या’, ‘ती’ घालून बघायचं, अर्थ तोच राहिला तर ‘द’, अर्थ सरकला तर उघडं ठेवायचं. शंभर टक्के नाही चालत पण निम्म्याहून जास्त लाल खुणा कमी होतील.

सर्वसाधारण विधान तीन तऱ्हांनी करता येतं आणि तिन्ही एकसारखी नाहीत. ‘टायगर्स आर स्ट्रॉंग’, ‘अ टायगर इज स्ट्रॉंग’, ‘द टायगर इज स्ट्रॉंग’, तिन्ही चालतात. पण ‘वाघ नामशेष होण्याच्या मार्गावर आहे’ म्हणायचं असेल तर ‘द टायगर’ किंवा ‘टायगर्स’, इथे ‘अ टायगर’ चालत नाही, कारण कुठलाही एक वाघ नामशेष होत नसतो, जात होते. तसंच शोधांबद्दल ‘द कॉम्प्युटर हॅज चेंज्ड अवर लाइव्ह्ज’ किंवा ‘कॉम्प्युटर्स हॅव्ह चेंज्ड’, पण ‘अ कॉम्प्युटर हॅज चेंज्ड’ म्हटलं की कुणाच्यातरी टेबलावरचा एक कॉम्प्युटर. आणि ‘द टायगर्स’ मात्र जात म्हणून नाही, ते समोरचे ठरावीक वाघ. शंका असली की उघडं अनेकवचन लिहा, ते सगळ्यात सुरक्षित. माणसांच्या बाबतीत एक वेगळं आहे, ‘द रिच’, ‘द पुअर’, ‘द अनएम्प्लॉइड’, इथे विशेषणापुढे ‘द’ लावून अख्खा वर्ग होतो आणि क्रियापद अनेकवचनी येतं, ‘द रिच आर’. ‘द पुअर्स’ असं एस लावून लिहू नका, मी हे फार खोडतो.

अजून एक शाळेतला नियम मला मनापासून नकोसा झालाय, की पुढे ‘हू’, ‘विच’ किंवा ‘ऑफ’ आलं की आधी ‘द’ लावा. ‘द स्टुडन्ट्स हू फेल्ड यस्टरडे’ मध्ये ‘द’ पाहिजे, कारण काल नापास झालेले ठरावीकच आहेत. पण ‘स्टुडन्ट्स हू फेल कॅन अपिअर अगेन’ हा सगळ्यांसाठीचा नियम आहे, कोण नापास होणार हे अजून ठरलेलंच नाही, ‘हू’ असूनही ‘द’ नको. संच बंद झालाय की उघडा आहे ते बघा, ‘हू’ कडे बघू नका.

न मोजता येणाऱ्या नामांत आपण मराठीमुळे फसतो. आपल्याकडे सल्ला एक आणि सल्ले दोन, पुरावा आणि पुरावे, बातमी आणि बातम्या. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘एव्हिडन्स’, ‘न्यूज’ मोजतच नाहीत. म्हणून ‘अ ॲडव्हाइस’ नाही, ‘ॲडव्हाइसेस’ पण नाही, ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘न्यूज’ च्या शेवटी एस असला तरी ते अनेकवचन नाही, ‘द न्यूज इज गुड’. असेच ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘सॉफ्टवेअर’, ‘फीडबॅक’, ‘होमवर्क’, ‘ट्रॅफिक’. ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज गिव्ह अ फीडबॅक’ आणि ‘वी हॅव्ह डेव्हलप्ड अ सॉफ्टवेअर’ इतकं दिसतं की आता बरोबर वाटायला लागलंय, तरी नका लिहू, ‘सम फीडबॅक’ लिहा, ‘अ प्रोग्रॅम’ किंवा ‘अ पीस ऑफ सॉफ्टवेअर’ लिहा. केस तर बरोबर उलटे. मराठीत डोक्यावरचे केस अनेकवचनी, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून ‘हेअर’, ‘हर हेअर इज लॉंग’. ‘अ हेअर’ म्हटलं की एक सुटा केस. हे जोड्यांचं प्रकरण बरंच मोठं आहे, ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘पेपर’ म्हणजे कागद हा पदार्थ, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणजे कामाचा अनुभव, ‘ॲन एक्स्पीरियन्स’ म्हणजे आलेला एक अनुभव. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव्ह अ एक्स्पीरियन्स ऑफ फाइव्ह इयर्स’ लिहिणारे खूप, तिथे ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ पाहिजे, आर्टिकलशिवाय.

काही नामं दिसतात एक आणि असतात भलतीच. ‘सिझर्स’, ‘ट्राउझर्स’ नेहमी अनेकवचनी, ‘अ सिझर’ नाही, ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. उलट ‘सिरीज’ आणि ‘स्पीशीज’ एकवचनातही तसेच, म्हणून ‘अ सिरीज’ बरोबर आहे. ‘क्रायटीरिया’ अनेकवचन आहे, एक असेल तर ‘अ क्रायटीरियन’. आणि ‘शीप’ दोन्हीकडे सारखंच, ‘आय सॉ अ शीप’ म्हणजे एक मेंढी आणि ‘आय सॉ शीप’ म्हणजे अनेक, इथे आकडा सांगायचं सगळं काम एकट्या आर्टिकलवर आलंय.

काही ठरलेल्या जागा पटकन सांगतो. ‘वन ऑफ द’ नंतर अनेकवचनच, ‘वन ऑफ द स्टुडन्ट’ हे सगळ्यात जास्त वेळा खोडलेलं वाक्य असेल माझं. अनेकांतला एक, तर मागे अनेक पाहिजेत ना. ‘मोस्ट स्टुडन्ट्स’ चालतं, ‘मोस्ट ऑफ द स्टुडन्ट्स’ चालतं, ‘मोस्ट ऑफ स्टुडन्ट्स’ चालत नाही. ‘अ नंबर ऑफ स्टुडन्ट्स आर’ म्हणजे बरेच विद्यार्थी, ‘द नंबर ऑफ स्टुडन्ट्स इज’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, क्रियापद बघा कसं बदललं. ‘व्हॉट’ आणि ‘सच’ नंतर पण तोच हिशोब, ‘व्हॉट अ डे’, पण ‘व्हॉट फ्लॉवर्स’ आणि ‘व्हॉट वेदर’. व्यवसाय सांगताना ‘शी इज अ डॉक्टर’, आणि दोघी असतील तर ‘दे आर डॉक्टर्स’, ‘शी इज डॉक्टर’ म्हणजे परत उघडं एकवचन.

विशेषनामांनाही हाच आकडा लागतो हे फार कोणी सांगत नाही. देशांच्या नावापुढे सहसा काही नाही, जपान, फ्रान्स, पण नाव अनेकवचनी असेल तर ‘द’, द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द मालदीव्ज. शिखर एक असेल तर नुसतं एव्हरेस्ट, रांग असेल तर द हिमालयाज, द आल्प्स. आडनाव तसंच, एक माणूस असेल तर नुसतं आडनाव आणि पूर्ण कुटुंब असेल तर ‘द’ लावून एस. परत तेच, आख्खा संच म्हटला की ‘द’. नद्या आणि समुद्र मात्र एकएकटे असले तरी ‘द’ घेतात, त्याला या हिशोबात बसवायचा प्रयत्न करू नका, पाठच करा.

आता एक उतारा घेऊन हे कसं करायचं ते दाखवतो. ‘यस्टरडे आय गॉट ईमेल फ्रॉम क्लायंट. ही हॅज सेंट द सजेशन्स अँड सम इन्फर्मेशन्स. आय नीड ॲन ॲडव्हाइस बिफोर आय सेंड द रिप्लाय.’ प्रत्येक नामापाशी थांबा. ‘ईमेल’, मोजता येतो, एक आहे, उघडा आहे, म्हणजे चूक ठरलीच, आता फक्त कुठला ते बघायचं. वाचणाऱ्याला या मेलबद्दल आत्ताच कळतंय, म्हणून ‘ॲन ईमेल’. ‘क्लायंट’ पण उघडा. वाचणारा तुमच्याच टीममधला असेल आणि क्लायंट एकच असेल तर ‘द क्लायंट’, बाहेरचा असेल तर ‘अ क्लायंट’. इथे व्याकरण उत्तर देऊ शकत नाही, वाचणारा कोण ते तुम्हालाच माहीत. ‘द सजेशन्स’ म्हणजे ज्या सूचना आपण मागितल्या होत्या त्या सगळ्या. मागितल्या असतील तर ठेवा, नसतील तर ‘सम सजेशन्स’. ‘इन्फर्मेशन्स’ चा एस काढा, ‘सम’ राहू द्या. ‘ॲडव्हाइस’ चा ‘ॲन’ काढा आणि ‘सम’ लावा. ‘द रिप्लाय’ चालेल, त्या एका मेलला उत्तर एकच जाणार, तरी मी ‘बिफोर आय रिप्लाय’ करीन, नामच नाही तर आर्टिकलचा प्रश्नच नाही. बघा, दुरुस्त्या बऱ्याच झाल्या पण ‘अ’ की ‘द’ असा खरा पेच एकाच ठिकाणी होता, क्लायंटपाशी.

सुरुवातीला सगळं एकदम तपासू नका. पहिल्या फेरीत फक्त उघडी एकवचनं शोधा, ती डोळ्याला लगेच दिसतात. दुसऱ्या फेरीत ‘द’ लागलेली अनेकवचनं बघा आणि प्रत्येकाला ‘सगळे का?’ विचारा. आणि सरावासाठी इंग्रजी वाचाल तेव्हा बातम्यांचे मथळे वाचू नका, तिथे जागा वाचवायला आर्टिकल गाळलेली असतात आणि तीच सवय लागते, खालचा मजकूर वाचा.

राहिलं स्कूल. मघाशी म्हटलं मोजता येणारं एकवचन उघडं राहत नाही, मग ‘गो टू स्कूल’ कसं? कारण तिथे ‘स्कूल’ म्हणजे इमारत नाहीच, शिकणं आहे, आणि शिकणं मोजत नाहीत. मुलगा शिकायला जातो तेव्हा ‘ही गोज टू स्कूल’. त्याचे वडील फी भरायला जातात तेव्हा ‘ही वेंट टू द स्कूल’, त्यांना त्या इमारतीशी काम आहे. ‘गो टू बेड’ म्हणजे झोपायला जाणं, ‘द बेड’ म्हणजे लाकडाचा तो पलंग. ‘इन प्रिझन’ कैदी, ‘इन द प्रिझन’ भेटायला आलेला वकील. हॉस्पिटलला ब्रिटिश लोक हाच नियम लावतात, पेशंट ‘इन हॉस्पिटल’, पण अमेरिकन इंग्रजीत पेशंट असला तरी ‘इन द हॉस्पिटल’ म्हणतात. त्यामुळे तुम्ही कुणासाठी लिहिताय ते बघून ठरवा आणि एका लिखाणात एकच पद्धत ठेवा.